पहिली डाइव्ह: पाण्यात उतरण्याआधी आणि उतरल्यावर

सुट्टीच्या दिवशी मालवणच्या जेट्टीवर किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पाच मिनिटांत कोणीतरी येऊन विचारतं, "स्कूबा करायचा का?" भाव ठरतो, सूट अंगावर चढतो आणि तासा-दीड तासात माणूस पाण्याखालचे मासे बघून परत होडीवर बसलेला असतो. बहुतेकांचं स्कूबा इथंच सुरू होतं आणि इथंच संपतं. पण दर मोसमात काही जण असे निघतात की त्यांना तेवढ्यानं पुरत नाही. घरी गेल्यावरही ते कोर्स कुठे होतो, मास्क कोणता घ्यावा, पुढे कुठे जावं याची चौकशी करत राहतात. हा लेख या दोघांसाठी आहे: जे पहिल्यांदाच उतरणार आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हा छंद म्हणून पुढे न्यायचा आहे त्यांच्यासाठीही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. हौशी डायव्हर जगात कुठेही असले तरी एक नियम पाळतात: कोणीही, कधीही, कोणतंही कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोलायचं नाही. होडीवर बसल्यावर, पाण्यात उडी मारल्यावर, पाच मीटर खाली गेल्यावरसुद्धा. जमिनीवर आपण भीड म्हणून पुष्कळ गोष्टी ओढून नेतो, पाण्याखाली ती भीड जिवावर बेतू शकते. म्हणून इथे तंत्र आणि वागणूक या दोन गोष्टी वेगळ्या शिकवता येत नाहीत.

अनुभव घ्यायचाय की शिकायचंय?

किनाऱ्यावर मिळते ती चाचणी डाइव्ह. तिला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या सिलिंडरला धरून असतो, खोली सहसा दहा मीटरच्या आत असते, आणि तुमचं काम फक्त तीन: श्वास घेत राहणं, कान मोकळे करत राहणं, खुणेला खुणेनं उत्तर देणं.

कोर्स ही वेगळी गोष्ट. पाडी, एसएसआय अशा संस्थांचा 'ओपन वॉटर' कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. त्यात अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह येतात. इथे पोहता यायला हवं. वेळेची मर्यादा नसते, पण दोनशे मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे. वयाची अट दहा वर्षं पूर्ण. पास झालात की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. पुढचा 'अॅडव्हान्स्ड' कोर्स केला की ३० मीटर. हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर आहे.

माझा सल्ला असा की आधी एक चाचणी डाइव्ह करा आणि मग कोर्सचे पैसे भरा. पाण्याखाली तोंडानं श्वास घेणं काहींना पहिल्या मिनिटात आवडतं, तर काहींना कधीच रुचत नाही. दोन्हीत कमी-जास्त काही नाही.

तब्येतीचा फॉर्म

उतरण्याआधी एक फॉर्म भरायला देतात. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार, गर्भारपण असे प्रश्न असतात. गर्दीच्या दिवशी हा फॉर्म सही करून पुढे सरकवला जातो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच क्षणाची वाटते. एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर त्या दिवशी स्नॉर्केलिंग करा, म्हणजे नळीनं श्वास घेत पाण्यावरच तरंगा, मासे तिथूनही दिसतात.

फॉर्म मिळालाच नाही तर स्वतःहून सांगा. "मला दमा आहे, पंप वापरतो" हे वाक्य प्रशिक्षकाला ऐकायला हवंच असतं. ते दडवलं तर पाण्याखाली तुमच्या शेजारी असलेला माणूस अर्धवट माहितीवर तुमची जबाबदारी घेऊन उतरतो.

साधी सर्दी हेही डाइव्ह टाळायला पुरेसं कारण आहे. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरायचं मनातही आणू नका. गोळीचा अंमल खाली असतानाच ओसरला तर वर येताना कानात आणि कपाळात हवा कोंडते, आणि मग वर येणंच कठीण होतं.

मोसम, जागा, माणसं

कोकणात मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि व्यवसायही बंद असतो. त्यातही तारीख निवडताना कालनिर्णयवर तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जास्त आणि गाळ ढवळलेला. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्या मानानं निवळ आणि शांत मिळतं. मच्छीमारांच्या घरातल्या पोराला हे सांगावं लागत नाही. शहरातून सुट्टी बघून येणाऱ्याला मात्र ते ठाऊक नसतं.

जागांबद्दल थोडक्यात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात खडक आणि प्रवाळ दोन्ही आहेत. इथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे सरावासाठी तलावही आहे, त्यामुळे कोर्स करणाऱ्याला सोय चांगली. गोव्यात वास्कोजवळच्या ग्रांद बेटापाशी बुडालेल्या जहाजाचे अवशेष बघायला मिळतात. कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर जाता येतं. अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, आणि लक्षद्वीप इथलं पाणी आपल्या किनाऱ्यापेक्षा कितीतरी नितळ. पण नवख्यानं नितळ पाण्याच्या मागे आधी धावू नये. चांगला प्रशिक्षक मिळाला तर चार मीटर दिसणाऱ्या पाण्यातही पुष्कळ शिकता येतं.

प्रशिक्षक निवडताना भावाआधी हे विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? चाचणी डाइव्हला एकास एकच हवा. होडीवर प्राथमिक उपचारासाठी शुद्ध ऑक्सिजनची बाटली आहे का? प्रशिक्षकाचं स्वतःचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. ज्याचं काम नीट आहे तो आनंदानं उत्तर देतो, बाटली काढून दाखवतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून नमस्कार करून निघा.

आदल्या दिवशी आणि सकाळी

रात्री दारू नको, झोप पुरी हवी. सकाळी पोहे-चहा इतपत खा. उपाशीही जाऊ नका. सुरमईची थाळी परत आल्यावर. पाणी भरपूर प्या, कारण शरीरातलं पाणी कमी असलं की पुढे सांगितलेला बुडबुड्यांचा त्रास व्हायची शक्यता वाढते. होडी लागत असेल तर गोळीबद्दल आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

दागिने काढून खोलीवर ठेवा. मंगळसूत्र, साखळी, बांगड्या पट्ट्यांत अडकतात, आणि पाण्यात बोटं आकसली की घट्ट वाटणारी अंगठीही निसटते. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का विचारा. केस लांब असतील तर घट्ट बांधा. मास्कच्या कडेखाली एक बट आली तरी पाणी झिरपत राहतं. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी थोडं पाणी येणारच, ते बाहेर काढायची युक्ती पुढे आहे.

होडीवर वागायचं कसं

होडी भरती बघून सुटते, म्हणून दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचा. चढल्यावर आपलं सामान एका जागी, पायाशी ठेवा. फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, होडीत घालून चालू नका. सिलिंडर उभा सोडू नका. हलत्या होडीत तो कोणाच्या पायावर पडला तर बोटं मोडतात. दुसऱ्याच्या सामानाला, विशेषतः सिलिंडरच्या चावीला, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मदत म्हणून फिरवलेली चावी उलट्या बाजूला गेली तर तो माणूस बंद हवेनिशी पाण्यात उतरतो.

मळमळलं तर वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, होडीच्या कडेला, आणि नजर दूर क्षितिजावर. यात लाजण्यासारखं काही नाही. पाण्याखाली उलटी आलीच तर रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून आपण हवा घेतो ते तोंडातलं यंत्र, काढायचा नाही. तो हातानं धरून त्यातूनच उलटी करायची, मग पुढचं बटण दाबून साफ करायचा आणि श्वास चालू ठेवायचा. ऐकायला नकोसं वाटतं, पण उलटीनंतर माणूस आपोआप खोल श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंडात हवा यायला हवी, पाणी नव्हे.

माहिती सांगायला सुरुवात झाली की मोबाइल खाली. किती खोल, किती वेळ, कुठल्या बाजूनं, चुकामूक झाली तर काय, हे सगळं तिथेच ठरतं. कळलं नाही तर लगेच विचारा. तुम्ही विचारलेला प्रश्न आणखी दोघांच्या मनात असतो. आणि आपला अनुभव आहे तेवढाच सांगा. "दोन वर्षांपूर्वी एकदा उतरलोय, बहुतेक विसरलो" असं सांगणारा माणूस गटाला हवा असतो. त्याच्यावर लक्ष ठेवता येतं, त्याच्या बेतानं डाइव्ह आखता येते.

सामानाची तपासणी, एकमेकांची

एक समज आधी दूर करू. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. आपण श्वास घेतो तीच हवा, गाळलेली आणि दाबून भरलेली, साधारण २०० बार (बार हे दाबाचं माप) दाबानं. रेग्युलेटर ती हवा आपल्या भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकी करून मागेल तेव्हा तोंडात देतो. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यॉं यांनी हे यंत्र जमवलं, आणि तेव्हापासून साध्या माणसाला पाण्याखाली मोकळं फिरता येऊ लागलं.

उतरण्याआधी जोडीदारानं जोडीदाराला तपासायचं असतं. हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरते का, सोडता येते का. खाली जायला मदत करणारा वजनाचा पट्टा नीट आहे ना, आणि त्याचं बकल एका हातानं सुटतं ना. बाकीची बकलं कुठे आहेत, कशी उघडतात. मग हवा: रेग्युलेटर तोंडात घालून तीन-चार श्वास घ्या आणि ते घेताना डोळे हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. श्वासागणिक काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर चावी पूर्ण उघडलेली नाही. वरच्या पाण्यात ती हवा पुरते, खाली गेल्यावर अपुरी पडू लागते. नुसता "२०० आहे" असा आकडा वाचून हे कळत नाही, म्हणून श्वास आणि नजर दोन्ही हवेत. शेवटी जोडीदाराचा पिवळा जादा रेग्युलेटर कुठे अडकवलाय ते बघून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हवा आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमचा. काचेला आतून थुंकी चोळून पाण्यात विसळली की वाफ धरत नाही. सगळे डायव्हर हेच करतात. पहिली खरेदी करायचीच असेल तर मास्कची करा, आणि कोर्स झाल्यावर डाइव्ह कॉम्प्युटरची, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्राची. बाकी सामान भाड्यानं उत्तम मिळतं.

खाली जाताना: कान

नवख्यांच्या बहुतेक अडचणी पहिल्या काही मीटरमध्येच येतात, आणि त्या कानाच्या असतात. पृष्ठभागावर हवेचा एक वातावरण दाब असतो. दहा मीटर खाली तो दुप्पट होतो. पुढचा एक वातावरण वाढायला आणखी दहा मीटर लागतात, पण प्रमाणात पाहिलं तर सगळ्यात मोठा बदल पहिल्याच टप्प्यात होतो. म्हणून दोन-तीन मीटरवरच कानाचा पडदा आत दाबला जाऊ लागतो.

उपाय सोपा: मास्कवरून नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि नाकात हळूच हवा फुंकायची. दोन्ही कानांत हलकासा 'टक' झाला की काम झालं. काहींना आवंढा गिळून किंवा जबडा हलवूनही जमतं. हे दुखायला लागण्याआधी करायचं, अगदी पाण्याच्या वरच एकदा, आणि मग दर मीटरभरानं. पाय खाली आणि डोकं वर ठेवून उतरलात तर कान लवकर मोकळे होतात.

दुखलं तर? थांबा, कानाकडे बोट दाखवा, मीटरभर वर या, पुन्हा करा. जोर लावून फुंकू नका, आणि "सहन होईल" म्हणून खाली जाऊ नका. तिथे सहन करण्यासारखं काहीच नसतं. पडदा फाटला तर पुढचे कित्येक आठवडे जातात. अशा वेळी गटातल्या बाकीच्यांनी थांबायचं असतं, वरून घाईच्या खुणा करायच्या नाहीत. एकाच्या कानाला दोन मिनिटं लागली म्हणून कोणाची डाइव्ह वाया जात नाही.

श्वास रोखायचा नाही

स्कूबातला पहिला आणि सगळ्यात कडक नियम: श्वास कधीही रोखू नका. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर जादा हवा आपोआप बाहेर जाते. रोखलेला असेल तर ती फुप्फुस फाडते, आणि हे अगदी दीड-दोन मीटरवरूनही घडू शकतं. स्विमिंग टँकमध्ये श्वास धरून बुडी मारायची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे.

पाण्याखालचा पहिला श्वास विचित्र वाटतो. चेहरा पाण्यात असताना हवा ओढायला मेंदू तयार नसतो; छाती भरभर चालते, रेग्युलेटरचा घरघर आवाज कानात भरतो. म्हणून उतरल्याबरोबर खाली जायची घाई करू नका. होडीची दोरी धरा, चेहरा पाण्यात घाला आणि नुसते श्वास घ्या. मालवणातले प्रशिक्षक सांगतात तसं, "सावकाश श्वास घेवा, घाई करू नकात." चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. छातीची धडधड ओसरली, बुडबुडे एका लयीत जाऊ लागले, की मग खुणेनं 'खाली' म्हणा.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरायचं कारण नाही, कारण श्वास तोंडानं चाललेला आहे. मास्कची वरची कड कपाळावर दाबा, नजर वर करा, नाकानं लांब फुंका. पाणी खालच्या कडेनं बाहेर जातं. हे गुडघाभर पाण्यात आधी करून बघा. ज्याला मास्क साफ करता येतो तो खाली निम्म्यानं शांत असतो.

खुणा

अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. हा प्रश्नही आहे आणि उत्तरही. विचारलं की त्याच खुणेनं परत सांगायचं. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला की 'काहीतरी गडबड आहे', मग जिथे गडबड तिथे बोट. मूठ छातीवर म्हणजे 'हवा कमी'. पंजा गळ्यावरून आडवा म्हणजे 'हवा संपली', आणि या खुणेला एकच उत्तर असतं: आपला जादा रेग्युलेटर लगेच पुढे करायचा.

अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला'. माशांचा थवा समोरून जातो, पाहुणा आनंदानं अंगठा उंचावतो, आणि प्रशिक्षक त्याला घेऊन वर निघतो. प्रशिक्षकाचं यात काही चुकत नाही. वरची खूण आली की ती पाळायचीच, तिच्यावर चर्चा करायची नाही, कारण ज्या दिवशी ती खरी असेल त्या दिवशी चर्चेला वेळ नसेल.

जोडीदार

कोर्स झाल्यावर तुम्ही कोणाच्या हातात नसता, कोणाच्या तरी शेजारी असता. जोडीदारापासून हात लांबवून दोन पावलांत गाठता येईल इतकंच अंतर ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी त्याच्याकडे बघा, अधूनमधून हवा किती ते विचारा. आपला आकडा खरा दाखवा. नवखा माणूस हवा भराभर वापरतो. ते सरावानंच कमी होतं.

गटाचा नियम असा की ज्याची हवा आधी उतरते त्याच्या हिशोबानं सगळ्यांची डाइव्ह चालते. साधारण निम्म्यावर परतायचं आणि ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर असायचं. तुमच्यामुळे सगळ्यांना लवकर वर यावं लागलं म्हणून कोणी कुरकुर करत असेल तर चूक त्याची आहे.

जोडीदार दिसेनासा झाला तर जागच्या जागी गोल फिरून बघा, वर बघा, बुडबुडे शोधा. मिनिटभरात दिसला नाही तर सावकाश पृष्ठभागावर या. तोही तेच करत असेल, हे आधी ठरलेलं असतं म्हणूनच हे चालतं. ठरलेलं सोडून एकजण खालीच शोधत राहिला की वर आलेल्याचा जीव टांगणीला लागतो.

आता घरच्या मंडळींबद्दल. सहलीला सात-आठ जण आलेले असतात. सगळ्यांचे सूट घालून झालेले, एक मावशी किंवा एखादा कॉलेजातला मुलगा पाण्याकडे बघून गप्प झालेला. मग सुरू होतं: "अगं, काही होत नाही", "पैसे भरलेत आता", "तुझा भाऊ बघ कसा उतरला". प्रेमानं बोललं जातं हे खरं, पण पाण्याखाली जे घाबरून रेग्युलेटर ओढून काढतात त्यांच्यात अशी ढकलून उतरवलेली माणसं असतात. कृपा करून हे करू नका. त्या माणसाला होडीवर बसू द्या आणि विषय संपवा. नवऱ्यानं बायकोला, मित्रानं मित्राला पाण्यात उतरून शिकवायलाही जाऊ नये. ते काम प्रशिक्षकाचं आहे. नात्यातल्या माणसाला 'नको' म्हणणं अवघड जातं.

हात आवरा

प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं, आणि वाढायला वर्षानुवर्षं घेतं. त्याला धरू नका, त्यावर उभे राहू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांना संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. खडकांच्या फटींत काट्यांचे काळे गोळे असतात, लायनफिशचे विषारी काटे असतात, त्यामुळे हात आवरणं तुमच्याही फायद्याचं.

काही ठिकाणी व्हिडिओसाठी माशांना पाव-बिस्किटं टाकतात. आपल्याला विचारलं तर नको म्हणा. मासा कॅमेऱ्यात यावा म्हणून त्याचं खाणं आणि सवय बिघडवावी, हे मला पटत नाही. पाव नसतानाही मासे येतात. फक्त तुम्ही स्थिर राहायला हवं. हातपाय न मारता एका जागी तरंगत राहिलात की दोन मिनिटांत पोपटमाशांनी खडक खरवडल्याचा कुरकुर आवाजही ऐकू येतो.

कॅमेरा पहिल्या दहा-बारा डाइव्ह तरी घेऊ नका. जोडीदाराकडे बघायचे डोळे पडद्यात अडकतात.

वर येताना आणि नंतर

मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर यायचं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. कारण असं: खाली असताना दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि अंगात मुरतो. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. झपाट्यानं आलात तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे अंगातच बुडबुडे होतात. सांधे दुखणं, अंगावर चट्टे, मुंग्या, भयंकर थकवा, चक्कर ही त्याची लक्षणं. ती काही तासांनीही दिसू शकतात. असं काही वाटलं तर "झोपलं की बरं वाटेल" म्हणून गप्प बसू नका. लगेच सांगा, शुद्ध ऑक्सिजन घ्या, डॉक्टर गाठा. पुन्हा पाण्यात उतरून ते बरं होतं हा समज घातक आहे.

याच कारणानं डाइव्ह झाल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. एकच डाइव्ह असेल तर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग काही दिवसांच्या असतील तर १८ तास थांबायचं; बरेच जण सरळ २४ तास धरतात. चिपी किंवा मोपा विमानतळावरून परतीचं तिकीट काढताना हे आधी मोजा. आपल्याकडे यात घाटही येतात. सहाशे मीटरच्या वरची चढाई विमानाइतकीच विचारात घ्यावी लागते, आणि आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. एका उथळ चाचणी डाइव्हनंतर धोका अगदी कमी असतो, पण दोन-तीन दिवस डायव्हिंग करून संध्याकाळीच आंबोली घाट चढायचा बेत करू नका. एक रात्र किनाऱ्यावर मुक्काम करा. कोकण रेल्वेनं मुंबईकडे जाणाऱ्यांना ही अडचण फारशी येत नाही.

सामान गोड्या पाण्यानं धुऊन द्या. होडीवरच्या माणसांचे आभार माना आणि जमेल तशी बक्षिशी द्या. शिडी धरणारे, सिलिंडर उचलणारे हात तुमच्या प्रमाणपत्रावर नसतात, पण तुमची डाइव्ह त्यांच्यावरच झालेली असते. वहीत नोंद करा: तारीख, जागा, खोली, वेळ, किती वजन लावलं, हवा किती उरली, काय दिसलं. वजनाचा आकडा पुढच्या वेळी फार उपयोगी पडतो.

कोर्स झाला की पुढचा मोसम मालवणातच, त्याच प्रशिक्षकांबरोबर, उथळ पाण्यात घालवा आणि तरंगणं पक्कं करा. मग नेत्राणी, मग ग्रांद बेटाजवळचे जहाजाचे अवशेष, आणि जमलं तर अंदमान. मध्ये वर्षभराचा खंड पडला असेल तर आधी प्रशिक्षकाबरोबर तलावात मास्क साफ करणं, रेग्युलेटर शोधून परत तोंडात घेणं आणि जोडीदाराच्या हवेवर श्वास घेणं एवढं पुन्हा करून घ्या, आणि होडी ठरवतानाच सांगा की खंड पडलाय, पहिली डाइव्ह उथळ द्या.